आगाऊ परीक्षण

त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत 'आगाऊ' या शब्दाचे दोन अर्थ चालत. पहिला अर्थ कामाचा होता. कलापान संध्याकाळी साडेपाचला छपाईला जायचं आणि गाण्याचे कार्यक्रम सहाला सुरू व्हायचे. म्हणून कार्यक्रमपत्रिका दुपारीच मागवून घ्यायची, कोण काय गाणार आणि साथीला कोण बसणार ते तिच्यात बघायचं, आणि चार वाजता परीक्षण लिहून मोकळं व्हायचं. असल्या परीक्षणाला तिथे आगाऊ म्हणत. "आज आगाऊ किती?" "दोनशे शब्द." भाजीची जुडी मागावी इतक्या सहजपणे हे बोलणं चाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहरभर लोक चहाबरोबर ते वाचत.

दुसरा अर्थ एका नव्या मुलीमुळे रूढ झाला. उमेदवारीवर येऊन तिला तिसरा दिवस असेल. कलापानाचे जुने परीक्षक, ज्यांना सगळी कचेरी काका म्हणे, आगाऊ संपवून पेनाला टोपण लावत होते. तिने मागून डोकावून ते वाचलं.

"काका, आत्ता चार वाजलेत. रसिक मंत्रमुग्ध झाले हे कसं कळलं?"

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तीस वर्षं लिहितोय मी. एकदाही झाले नाहीत असं घडलेलं नाही."

"पण तुम्ही गेला होतात का बघायला?"

पान लावणाऱ्या मास्तरांना हसू आवरेना. "आगाऊच आहे की ही पोरगी," असं ते म्हणाले आणि त्या दिवसापासून तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं.

काकांनी तिला वळण लावायचा प्रयत्न केला नाही असं नाही. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक छापील कागद होता, 'यशस्वी वार्ताहराचे गुण'. चिकाटी, नम्रता, वक्तशीरपणा, वाचन, गोड वाणी, असं करत करत तो पार पंख्याच्या बटणापर्यंत खाली उतरला होता. काका तिला त्याच्यासमोर उभं करत आणि म्हणत, "नम्रतेवर बोट ठेव बघू." ती बोट ठेवायची आणि विचारायची, "हा कागद कोणी लिहिला? त्याला आलं का यश?"

असले कागद कोण लिहितं देव जाणे. माणसाचे गुण असे शाळेतल्या मुलांसारखे ओळीने उभे राहत नाहीत. एकाच माणसात ते एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. तिची चिकाटी आणि तिचा उद्धटपणा वेगळा काढायला गेलं असतं तर हाती काहीच लागलं नसतं. नम्रता तिच्यात होती, नाही कशी? फक्त ती माणसांपुढे न येता गाणं सुरू झालं की यायची. गाणं सुरू झालं की ही बडबडी मुलगी हात मांडीवर ठेवून अशी बसे की शेजारच्याला वाटावं हिला झोप लागली.

हे ऐकणं तिला बापाकडून आलं होतं, आणि बापाचा गाण्याशी काडीचाही संबंध नव्हता. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. बिघडलेला पंप चालू करायला लावायचा, लांब पेचकसाचं टोक त्याच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "मागचं बेअरिंग गेलंय." पंप उघडला की मागचंच बेअरिंग गेलेलं असायचं. सात वर्षांची असल्यापासून ती त्याची हत्यारांची पिशवी धरून शेजारी उभी राहायची, आणि दहाव्या वर्षी बापाच्या आधी बोलायला लागली. "न ऐकता सांगू नको," एवढंच तो म्हणे, आणि पेचकस तिच्या हातात देई.

स्वतःच्या गळ्याच्या नावाने मात्र आनंदीआनंद होता. शाळेच्या गाण्याच्या चमूत बाईंनी तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. तिने वर्षभर इमानदारीने ओठ हलवले, आणि कोण कुठे बेसूर होतंय ते वर्षअखेर बाईंना नावानिशी सांगितलं. पुढच्या वर्षी तिला चमूतून काढलं. तेव्हापासून तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण गाण्याबद्दल लिहिणार. लोक हसले. गाता येत नाही ती गाण्याबद्दल काय लिहिणार, असं आत्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी विचारलं. बापाने उत्तर दिलं, "मला कुठे पाणी उपसता येतं?"

तर सहा महिन्यांची उमेदवारी संपायला तीन दिवस उरले होते. तेवढ्यात काकांची पाठ धरली आणि ते घरी बसले. नेमका त्याच संध्याकाळी एका मोठ्या गायिकेचा कार्यक्रम होता, वर्षातला सगळ्यात मोठा. संपादकांनी तिला खोलीत बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक टाइप केलेलं पत्र पडलं होतं आणि ते तिला दिसेल असंच ठेवलेलं होतं.

"कायम केल्याचं पत्र आहे. तीन दिवसांनी सही करतो," ते म्हणाले. "आजचं आगाऊ तू लिही. वर तुझं नाव टाकतो."

नाव! पहिल्यांदा, छापून, ठळक अक्षरांत. इथे या मुलीने बाणेदारपणे नाही म्हटलं असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ती नाही म्हणाली नाही. ती "हो साहेब" म्हणाली. टेबलाशी येऊन तिने कार्यक्रमपत्रिका उघडली. गायिकेची जुनी ध्वनिमुद्रणं ती गेले पंधरा दिवस ऐकतच होती, एकेक गाणं दहा-दहा वेळा, त्यामुळे लिहायला अडलं नाही. पत्रिकेत साथीला एका बुजुर्ग व्हायोलिनवादकाचं नाव होतं. 'त्यांच्या समर्थ साथीने मैफल उंचावली,' असं तिने लिहिलं. शेवटी हात थोडा थबकला, आणि मग तिने 'मंत्रमुग्ध' हा शब्दही लिहिला. बापाला फोन करून सांगितलं, "उद्या माझं नाव येणार." बाप म्हणाला, "दहा अंक घेतो."

काका आगाऊ लिहिलं की घरी जायचे. ती घरी गेली नाही. तिला गाणं ऐकायचं होतं, एवढंच कारण. सभागृहात ती सहाव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली, पडदा वर गेला आणि तिने पत्रिकेतलं नाव पुन्हा पाहिलं. व्हायोलिन घेऊन बसल्या होत्या एक बाई. चाळिशीच्या, साध्या सुती कपड्यांतल्या.

निवेदकाने सांगितलं की बुजुर्ग वादक दुपारी घरात घसरून पडले, मनगट दुखावलं, म्हणून एका शाळेतल्या संगीताच्या बाई आयत्या वेळी धावून आल्या आहेत. ती वाकून बाहेर पळाली आणि मास्तरांना फोन लावला.

"पान थांबवा!"

"पान केव्हाच गेलं," मास्तर म्हणाले. "तू तिकडे काय करतेयस?"

ती परत आत आली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पहिलं गाणं नीट झालं. मग बाईंनी एक खुंटी जराशी पिळली आणि दुसरं सुरू झालं. त्याच्या तिसऱ्या कडव्यात एक वरचा सूर आहे. तो कुठे येतो हे तिला पाठ होतं. गायिका तिथे पोचल्या आणि आवाज गेला. फाटला नाही, चिरकला नाही, नुसता गेला. साठी उलटलेल्या गळ्याचं असं होतं कधी कधी. अर्ध्या श्वासाएवढी जागा रिकामी राहिली असती, पण राहिली नाही. व्हायोलिनने तो सूर उचलला, धरून ठेवला, आणि अगदी सावकाश खाली आणला, जिथे गायिकेला परत शिरता येईल तिथपर्यंत. गायिका शिरल्या. सभागृहातल्या बहुतेकांना वाटलं की गाणं असंच आहे, आणि टाळ्या पडल्या. गायिकेने मात्र मान वळवून एकदा त्या बाईंकडे पाहिलं. सहाव्या रांगेतून तिने ते पाहिलं आणि तिला रडू आलं. आपण काय ऐकलंय आणि आपण काय लिहून बसलोय, हे दोन्ही एकाच वेळी कळलं की माणसाचं दुसरं काय होणार?

तिसऱ्या गाण्याच्या आधी बाईंची एक तार उतरली. ती जुळवेपर्यंत गायिका एकट्याच गायल्या. आपल्या खुर्चीवर ती शेवटपर्यंत बसली.

सकाळी अंक आला. नाव ठळक होतं. बापाने खरोखरच दहा अंक आणले होते आणि तिचा चेहरा बघून तो ते घेऊन दारातच उभा राहिला. तिने त्याला सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

"न ऐकता सांगितलंस," तो म्हणाला आणि अंक कपाटावर ठेवून कामाला गेला.

कचेरीच्या आधी ती त्या शाळेत गेली. संगीताचा वर्ग तळमजल्यावर, जिन्याच्या खाली होता. बाई एका खुर्चीचा हललेला पाय दोरीने बांधत होत्या. तिने आपलं नाव सांगितलं. बाईंनी गाठ मारून पूर्ण केली आणि मग वर पाहिलं.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "काल मी तिथे नव्हतेच, हे मला आज वाचून कळलं."

"बाई, माझी चूक झाली. मी ते आधीच..."

"माझं ऐक. काल मी शेवटचा तास सोडून गेले. मुख्याध्यापिकाबाईंना कारण सांगितलं, मुलींनाही सांगितलं की उद्या पेपरात बघा. आज सकाळी मागच्या बाकावरची एक जण पेपर घेऊनच आली. बाई, तुम्ही वाजवलं म्हणालात, पण इथे तर दुसऱ्याच कुणाचं नाव आहे, म्हणाली. मुख्याध्यापिकाबाईंनी नुसता हजेरीचा पट मागवून घेतला." बाईंचा आवाज कुठेच चढला नाही. "वीस वर्षं झाली मला इथे. खोटारडी ठरायची ही पहिलीच वेळ."

"उद्या छापून येईल बाई. खरं ते."

"येत नसतं," असं म्हणून बाईंनी खुर्ची हलवून पाहिली. ती अजून हलत होती.

त्या जिन्याखालून ती निघाली ती तडक संपादकांच्या खोलीत. तिथे सगळं खुशीत होतं. गायिकेच्या व्यवस्थापकाने फोन करून आभार मानले होते. पाठीला पट्टा बांधून काकाही आले होते. तिने झालं ते सांगितलं तसा काकांनी हात झटकला.

"नाव चुकलंय ना? मुद्रणदोष म्हणायचं. दोन ओळी, सहाव्या पानावर, हवामानाच्या खाली."

"मुद्रणदोष मास्तरांचा होतो. हा माझा आहे."

"बाई गं," संपादक म्हणाले, "एकाही वाचकाची तक्रार नाही. कुणाला पत्ता नाही. तू कशाला उकरून काढतेस?"

"एका वर्गाला पत्ता आहे."

तिने घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. रस्त्यात, बसथांब्यावर, गुडघ्यावर वही धरून तिने तो लिहिला होता. "हे छापायचं. कालच्याच जागी, कालच्याच अक्षरात, माझ्या नावाने."

संपादकांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली. "'काल या जागी माझ्या नावाने छापलेलं परीक्षण मी कार्यक्रम ऐकण्याआधी लिहिलं होतं.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "डोकं ठिकाणावर आहे का? हे छापलं तर उद्या लोक विचारतील, बाकीची कधी लिहिली होती?"

"विचारू देत."

"परवा तू कायम होणार आहेस. दोन दिवस गप्प बस. एकदा कायम झालीस की मग काय बोलायचं ते बोल."

"कायम झाल्यावर मीही गप्पच बसेन साहेब. इथे सगळे बसलेत तसे."

काकांचा चेहरा लाल झाला. तीस वर्षांत त्यांना असं तोंडावर कुणी सुनावलं नव्हतं. "ऐकून घेताय काय हिचं?" ते संपादकांना म्हणाले. "परीक्षण लिहायला अनुभव लागतो. ही काल आली आणि..."

"काका, तुम्ही शेवटचं गाणं कधी ऐकलंत?" तिने विचारलं. विचारताना तिच्या आवाजात टोचणी नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि काकांना तेच जास्त लागलं. ते पट्टा सावरत उठले आणि बाहेर गेले. त्यांचं तिला वाईट वाटलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

संपादकांनी कागद परत उचलला. आता ते मनातल्या मनात वाचत होते. मध्येच थांबले.

"सूर व्हायोलिनने झेलला म्हणजे नेमकं काय झालं?"

तिने सांगितलं. वरचा सूर कुठे येतो, आवाज कुठे गेला, बाईंनी तो कसा उचलला, किती वेळ धरला. सांगताना ती विसरली की आपण भांडतोय. बेसूर गळ्याने तिने तो सूर गाऊनही दाखवला, आणि तो इतका वाईट लागला की बाहेर मास्तरांनी मान वर केली.

"मग?" संपादकांनी विचारलं.

"मग खाली आणला. हळूहळू. आणि गाणाऱ्या बाईसाहेबांनी वळून बघितलं."

"मग?"

"मग काही नाही. गाणं पुढे गेलं."

संपादक खिडकीबाहेर बघत बसले. सभागृह त्या खिडकीतून दिसायचं, चालत दहा मिनिटांवर. त्यांनी हिशेब केला असेल की आपण तिथे शेवटचं कधी गेलो, किंवा नसेलही. भानावर आल्यावर ते पुन्हा संपादक झाले.

"गायिकेचा आवाज गेला, हे छापणार आपण? त्या किती मोठ्या आहेत ठाऊक आहे ना?"

"त्या मोठ्या आहेत म्हणूनच त्यांनी वळून बघितलं. त्यांना माहीत आहे काय झालं ते. आपणच एकटे माहीत नाही असं दाखवतोय." ती थांबली आणि मग सगळंच बोलून टाकलं. "छापायचं नसेल तर नका छापू साहेब. मी हा कागद घेऊन त्या शाळेत जाते, वर्गापुढे उभी राहून वाचते आणि खाली सही करून सूचनाफलकावर लावते. ते पत्र तुमच्याजवळच राहू दे."

म्हणताना ती घाबरलेली होती. हे सांगायला हवं, नाहीतर असल्या माणसांना भीती वाटतच नाही असा समज होतो. सहा महिने ती याच एका पत्रासाठी झटली होती. बापाने त्याच्या भरवशावर आत्याचं तोंड बंद केलं होतं. आणि ते पत्र आता हातभर अंतरावर, उलट्या बाजूने, तिला नीट वाचता येत होतं.

संपादकांनी पत्र उचललं आणि खणात टाकलं.

"छापतो," ते म्हणाले. "कालच्याच जागी. पण पत्र आता मिळायचं नाही. उमेदवारी आणखी सहा महिने. मालकांना काहीतरी दाखवावं लागेल मला."

"चालेल. पण यापुढे माझ्याकडे आगाऊ मागायचं नाही."

"आगाऊ कुठली!" संपादक ओरडले. बाहेर मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. बाईंचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट, तिने स्वतः तीनदा तपासलेलं. दुसऱ्या गाण्यातल्या त्या सुराबद्दल सहा ओळी होत्या, आणि 'मंत्रमुग्ध' हा शब्द कुठेही नव्हता. सकाळपासून फोन वाजत होते. काही वाचक रागावले होते, एकाने अंक बंद करण्याची धमकी दिली, आणि काका त्या दिवशी आलेच नाहीत. दुपारी पुन्हा फोन वाजला तेव्हा संपादक तिच्या टेबलाशीच उभे होते.

"शाळेतून बोलतेय," बाईंचा आवाज आला. "वाचलं. मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गात येऊन त्या मागच्या बाकावरचीला मोठ्याने वाचायला लावलं."

"बरं झालं बाई."

"पण चूक आहे त्यात. सूर सुटला तो तिसऱ्या गाण्यात. तू दुसऱ्यात लिहिलंयस."

तिने समोरचा अंक ओढून ती ओळ पुन्हा वाचली. संपादकांनी तिचा चेहरा पाहिला आणि कपाळाला हात लावला. माफी मागणं सोपं होतं. कालपासून तिला त्याची सवयही झाली होती. तिने डोळे मिटले आणि ती संध्याकाळ पडदा वर गेल्यापासून पुन्हा ऐकली. मध्ये बराच वेळ गेला असावा, कारण बाईंनी विचारलं, "आहेस ना?"

"आहे. बाई, दुसऱ्याच गाण्यात."

"वाजवत मी होते का तू?"

"वाजवत तुम्ही होतात, ऐकत मी होते. पहिल्या गाण्यानंतर तुम्ही खुंटी पिळलीत, मग दुसरं सुरू झालं, आणि त्याच्या तिसऱ्या कडव्यात सूर सुटला. तिसऱ्या गाण्याच्या वेळी तर सुरुवातीला तुम्ही वाजवतच नव्हतात, तुमची तार उतरली होती. मी दुरुस्ती छापणार नाही. जे छापलंय ते बरोबर आहे."

पलीकडे जिन्यावरून मुलींचा एक लोंढा धडधडत उतरला, आणि तो जाईपर्यंत बाई थांबल्या.

"तिसरं कडवं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हो. दुसरंच गाणं." मग त्यांनी विचारलं, "रविवारी सकाळी मोकळी आहेस? माझ्या मुली वाजवणार आहेत. इकडे ऐकायला कुणी फिरकत नाही."

"येते. पण बाई, वाईट वाजवलं तर तसंच लिहीन हं."

"म्हणून तर तुला बोलावतेय," बाई म्हणाल्या.